रंग नुसता शिवतो तेव्हा

मित्रांनो, हातभर लांबीची काचेची नळी, अंगावर बारीक रेघा आणि खाली काचेचीच तोटी, असं काही तुम्ही पाहिलं असेल तर ते माझं भावंडच. मला ब्युरेट म्हणतात. मी आता बरीच जुनी झाले आहे. काही रेघांचा रंग उडाला आहे, टोकाचा एक टवकाही गेला आहे. तरी थेंब थेंब सोडायचा आणि किती सोडलं ते अचूक सांगायचं, हे माझं काम मी अजून चोख करते.

एका कारागिराने मला भट्टीसमोर बसून घडवलं आणि एका शाळेने विकत घेतलं. तिथे मुलं मला हाताळायला रांग लावायची. पुढे शाळेतला रसायनशास्त्राचा वर्ग बंद पडला. शेवटच्या दिवशी कोणीतरी माझ्यात कॉस्टिक सोडा तसाच ठेवून गेलं. तो सुकला आणि माझी तोटी घट्ट बसली. तोटी फिरत नसेल तर ब्युरेट कसली? मला खोक्यात टाकलं. किती वर्षं गेली, ते सांगता येत नाही.

त्या खोक्यातून मला एका मुलीने बाहेर काढलं. ती शाळेत जुनी पुस्तकं मागायला आली होती. शिपाई म्हणाला, "ने की. नाहीतरी भंगारातच जाणार आहे."

तिच्या वडिलांचं कापड रंगवायचं छोटं दुकान होतं. पुढे दुकान, मागे हौद आणि भट्ट्या, वर राहायच्या दोन खोल्या. बाबांनी मला कोमट पाण्यात ठेवलं, तोटीला तेल लावलं आणि दोन दिवस दर तासाला हलक्या हाताने फिरवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तोटी सुटली. तेव्हा मुलगी अशी ओरडली की खालचं गिऱ्हाईक दचकलं.

तिला सगळे 'काबाई' म्हणायचे, कारण दर वाक्याला तिचं "का?" ठरलेलं. साबणाने डाग जातो, तो का? लिंबू पिळलं की चहाचा रंग उतरतो, तो का? जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र नव्हतं, म्हणून ती घरीच अभ्यास करून बारावीची रसायनशास्त्राची परीक्षा बाहेरून देत होती. मागच्या खेपेला ती लेखी परीक्षेत पास झाली आणि प्रात्यक्षिकात नापास झाली. आता ही शेवटची संधी होती.

"मास्तर नाही, वर्ग नाही, आणि परीक्षा मात्र सगळ्यांत मोठी," आत्या म्हणायची. ती दुकानात घड्या घालायची. "यंदा नाही जमलं तर पुस्तकं माळ्यावर आणि तू माझ्या शेजारी. ठरलं ना दादा?"

"ठरलं," बाबा म्हणायचे. पण आवाजात जोर नसायचा.

काबाईने प्रयोगाचं सामान विकणाऱ्या दुकानातून मोजून बनवलेलं सोड्याचं द्रावण आणि दर्शकाची, म्हणजे रंग बदलून खूण देणाऱ्या द्रवाची, इवलीशी बाटली आणली. चंचुपात्रात पातळ केलेलं व्हिनेगर आणि दर्शकाचे दोन थेंब घ्यायचे, वरून माझ्यातला सोडा सोडायचा. आम्ल संपलं की पाण्यासारखं दिसणारं व्हिनेगर गुलाबी होतं. पुस्तकात लिहिलं होतं, 'रंग येताच थांबा.'

ती थांबायची आणि आकडा लिहायची. एकदा बावीस पूर्णांक एक मिलिलिटर. मग बावीस पूर्णांक नऊ. मग एकवीस पूर्णांक आठ. परीक्षेत दोन आकडे जुळावेच लागतात. शिवाय व्हिनेगरच्या बाटलीवर आम्ल पाच टक्के असं छापलेलं आणि हिचं उत्तर दरवेळी त्याच्या पुढे. आठवडाभर हेच चाललं.

"ही नळीच खोटारडी आहे," एका दुपारी ती रडवेली होऊन म्हणाली. "फेकून देते."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोलले असते. मी एकही थेंब खोटा सांगितला नव्हता.

बाबा हात पुसत वर आले. "थांब. कर बघू माझ्यासमोर."

तिने तोटी उघडली. भांड्यात गुलाबी छटा आली, टिकली. ती सोडतच राहिली. रंग गडद झाला तेव्हा तिने तोटी बंद केली.

"आत्ता का थांबलीस?"

"आत्ता रंग आला ना."

"आणि मघाशी दिसला होता तो?"

"तो नुसता शिवला होता, बाबा. आला कुठे?"

बाबा हसायला लागले. आत्या जिन्यातून डोकावली. "काय झालं रे?"

"अगं, रंगाऱ्याची पोर ती! आपल्याकडे रंग कापडात मुरेपर्यंत 'आला' म्हणतच नाहीत. त्याआधी तो कापडाला नुसता 'शिवला'. पण पुस्तक लिहिणारा थोडाच रंगारी आहे? त्याला शिवलेलाच हवा असेल."

काबाई पुस्तकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण शिवला तो क्षण दिसणार कसा? पटकन निसटतो."

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. काबाईची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. "फिके रंग तुझी आई बघायची. माझी नजर तेवढी नाही. ती खाली पांढरं फडकं धरायची आणि खिडकीशी जायची."

माझा स्टँड खिडकीशी आला. भांड्याखाली पांढरं फडकं अंथरलं. शेवटी शेवटी काबाई एकेक थेंब सोडत होती. एका थेंबाला फडक्याच्या पांढऱ्यावर भांड्यातलं व्हिनेगर अगदी पुसट गुलाबी दिसलं. वीस पूर्णांक आठ. पुन्हा केलं. वीस पूर्णांक आठ. हिशोब केला तर पाच टक्के. आत्याही कामं टाकून बघायला आली होती. ती म्हणाली, "आता मला करू दे."

परीक्षेला मी गेले नाही. तिथे त्यांच्या ब्युरेटी होत्या. महिनाभराने निकाल लागला. प्रात्यक्षिकात तिसांपैकी सत्तावीस गुण. आत्याने तीनदा वाचून घेतलं आणि स्वतःच पेटी काढून काबाईचे पुढच्या शिक्षणासाठी परगावी न्यायचे कपडे भरायला बसली.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी मला हातात घेतलं आणि काबाईला विचारलं, "काय गं, हिचं शून्य वर का?"

"हिच्यात किती उरलंय ते बघत नाहीत, बाबा. किती गेलं ते बघतात."

बाबांनी माझ्या रेघांवरून बोट फिरवलं. "मग उरलेल्याचं काय करतात?"

"त्यातून पुढचा प्रयोग करतात."

"बरं," ते म्हणाले, आणि मला स्टँडला नीट लावलं.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. माझा आकडा वाचताना डोळा रेघेच्या उंचीवर आणा. वरून पाहिलंत तर एक दिसतं, खालून पाहिलंत तर दुसरं. थोडं वाकावं लागतं. आणि आकडे जुळले नाहीत तर काचेवर रागावण्याआधी घरात जो कोणी हाताने काम करतो, त्याला एकदा समोर बसवून प्रयोग करून दाखवा. त्याला तुमचं पुस्तक कळेलच असं नाही. पण तुम्ही कुठे थांबता, ते त्याला दिसेल.