पाटकऱ्याची थोरवी

ओमुर्कानने एकतीस वर्षांत दीडशेच्या वर मेलेल्यांना आपल्या शोकगीतांत सिंह केलं होतं. त्यांत खरे सिंह दोन-तीन निघाले असते. बाकी मेंढपाळ, मास्तर, एक दारुडा ट्रॅक्टरवाला आणि दूध डेअरीचे तीन अध्यक्ष. शब्द मात्र सगळ्यांना तेच लागत. थोर, नामवंत, सात खोऱ्यांत ज्याची कीर्ती. हल्ली ते उच्चारताना तिला तोंडात भुसा धरल्यासारखं वाटे.

आज गावोगावच्या शेतांना चारीचं पाणी पाळीने वाटून देणारा शेइशेन पाटकरी गेला होता. अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारून आत पडद्याआड त्याला ठेवलं होतं. पडद्याशेजारी, दाराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून, त्याची एकुलती एक मुलगी आयजारकिन बसली होती. आई आधीच गेलेली, त्यामुळे पाहुण्यांची प्रत्येक तुकडी आली की कोशोक तिनंच म्हणायचा होता. बापाची थोरवी गात रडायचं होतं. पण पोरगी बारा वर्षं मॉस्कोत पाव भाजत होती. तिला एक ओळ येईना. म्हणून ओमुर्कान शेजारी बसून कानात ओळ सांगणार आणि तिनं ती उचलायची, असं ठरलं.

शेइशेनचा धाकटा भाऊ मुकाश कागद घेऊन आत आला. "आक्का, शब्द मी लिहूनच आणलेत. तुम्ही फक्त चालीत बसवा."

ओमुर्कानने कागद डोळ्यांपासून लांब धरला. "जगविख्यात. महापुरुष. पामीरपर्यंत दबदबा... अरे, तुझा भाऊ नारिनच्या बाजारापलीकडे कधी गेला होता का?"

"मेल्यावर तरी जाऊ द्या की! मुकाशच्या भावाला चार मोठे शब्द मिळाले नाहीत, असं व्हायला नको." एवढं बोलून तो बाहेर पुरुषांच्या रांगेत काठीवर रेलून उभा राहिला.

"आक्का," आयजारकिन हळूच म्हणाली, "बाबांना शिव्या घातल्या नाहीत असा माणूस या गावात नाही. जगविख्यात म्हटलं तर हसतील. त्यांच्या मढ्यावर हसतील."

"सगळ्यांना हेच म्हणतात, पोरी. कुणी हसत नाही. कुणी ऐकतच नाही."

फाटकाशी गाड्या थांबल्या. "माझ्या भावा रे!" असा आक्रोश करत माणसं तंबूकडे धावत आली, आणि मुकाशच्या रांगेने त्यांच्या सुरात सूर मिसळला. ओमुर्कानने ओळ सांगितली, आयजारकिनने ती उचलली: जगात ज्याचं नाव गाजलं...

"गाजलं तर! पाण्यावरून रोज बायका शिव्या देऊन गाजवायच्या," नमद्यापलीकडून कुणीतरी पुटपुटलं. दुसऱ्याने हसू खोकल्यात दडपलं.

आयजारकिनचा आवाज बंद पडला. भरल्या तंबूत कोशोक थांबणं म्हणजे मेलेल्याची अब्रू जाणं. ओमुर्कानने आपल्या घोगऱ्या आवाजात उरलेल्या ओळी कशाबशा पार पाडल्या.

पाहुणे जेवायला गेले तसं आयजारकिन म्हणाली, "हसले ना?"

"हसले." ओमुर्कानला तिच्याकडे बघवेना. "शिव्या कशाबद्दल घालायचे?"

"पाण्याच्या पाळीतलं एक मिनिट इकडचं तिकडे होऊ द्यायचे नाहीत. एका उन्हाळ्यात मुकाशकाकांनी बटाट्यांना एक तास जास्त मागितला. बाबा म्हणाले, तो तास चारीच्या शेवटच्या, टेलच्या गावाचा आहे. बटाटे वाळले. काका नऊ वर्षं आमच्या उंबऱ्याला शिवले नाहीत. काल आले, बाबा गेल्यावर."

"आणि तुमचं वावर?"

"सगळ्यांच्या शेवटी. पाणी उरलं तर."

ओमुर्कानने मुकाशच्या कागदाची घडी घातली. नवी ओळ बांधायची म्हणजे काम. असं काम तिनं दहा वर्षांत केलं नव्हतं, आणि आज करायची इच्छाही नव्हती. पण टेलच्या गावची माणसं फाटकातून हंबरडा फोडत आत शिरली होती. ती आयजारकिनच्या कानाशी वाकली.

"जग तुला ओळखत नव्हतं, बाबा,
चारीचं शेवटचं टोक ओळखत होतं.
वरच्यांच्या शिव्या खाल्ल्यास,
खालच्यांचा तास राखलास.
सख्ख्या भावाचे बटाटे वाळू दिलेस,
आपलं वावर शेवटी भिजवलंस."

या वेळी कुणी खोकलं नाही. टेलचा म्हातारा तुरुसबेक रडण्याची रीत विसरला आणि "शेइशेन, अरे वेड्या, शेइशेन," असं नुसतं नाव घेत राहिला. मुकाशचा आक्रोश मात्र मध्येच तुटला होता.

तुकडी हलल्याबरोबर तो आत आला. "आक्का, ती भावाची ओळ काढा. उद्या दफनाला अख्खा तालुका येणार आहे."

ओमुर्कानने याहून फालतू माणसांच्या सांगण्यावरून याहून चांगल्या ओळी गाळल्या होत्या. वाद घालण्याचं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं आयजारकिनकडे पाहिलं.

आयजारकिनने भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "काका, ती काढली तर बाबांनी जन्मभर काय केलं, हे सांगायला काही उरत नाही."

"बटाटे माझे होते, पोरी."

"हो."

मुकाशने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"चार ट्रॉल्या होते," तो शेवटी म्हणाला. "निदान ते तरी सांगा. नुसते बटाटे म्हटलं तर लोकांना वाटेल, पोतंभर होते. पोतंभर कुणीही वाळू देईल."

फाटकाशी पुन्हा हॉर्न वाजला. मुकाश डोळे पुसत काठी घ्यायला बाहेर गेला. ओमुर्कान भिंतीकडे वळली आणि चार ट्रॉल्या त्या ओळीत कुठे बसतील, ते बोटांवर मात्रा मोजून पाहू लागली.