जड पाणी

फेरतपासणीसाठी राखलेल्या बाटलीचं झाकण फिरवलं तरी हातावर थेंबही सांडला नाही. थोरली थबकली. नमुन्याची बाटली बुडबुडाही न ठेवता काठोकाठ भरायची असते. उघडताना बोटं भिजायलाच हवीत. इथं तर गळ्याखाली दोन बोटं जागा रिकामी होती. तिनं दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या तशाच.

याच खेपेतल्या इतर बाटल्यांचा निकाल सकाळीच तिच्या प्रयोगशाळेत आला होता. ऊन पाण्यातला हलका भाग आधी उचलतं, जड मागं ठेवतं. त्यामुळे उघड्यावर तापणारं तळं जड होत जातं, जमिनीखालचं पाणी हलकंच राहतं. धाकट्या भावाच्या विहिरीचं पाणी तळ्याइतकंच जड निघालं होतं. म्हणजे विहिरीला तळ्याचाच आधार. आता खाणवाल्यांना तळं उपसता येणार नव्हतं आणि त्याची रोपवाटिका वाचणार होती. उद्या सुनावणी. थोरलीचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते.

तिनं बाहेर बाकावर बसलेल्या धाकट्याला आत बोलावलं.

"या काठोकाठ भरल्या होत्यास ना?"

"भरल्या होत्या की. मग थोडं थोडं ओतून टाकलं. झाकणंही जरा सैल केली."

"कशाला?"

"रस्ताभर ऊन मी म्हणत होतं, ताई. फुटल्या असत्या तर तूच माझ्या नावानं खडे फोडले असतेस."

थोरलीनं कपाळाला हात लावला. "अरे, मग पाणी बाटलीतच उडालं, बाटलीतच जड झालं. विहिरीत ते कसं होतं, देव जाणे."

धाकट्यानं हलकेच दार लोटून घेतलं.

"हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे ना? मग झालं तर. एकदा गप्प बसलीस म्हणून काय आभाळ कोसळणार आहे?"

तिला त्याचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण 'बरं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तिनं अहवाल ओढला आणि त्यावर आडवं लिहिलं : नमुने बाद.

"आत्ताच्या आत्ता निघ. नवे नमुने आण. मी हातापाया पडून मुदत मागते."

तो जागचा हलला नाही.

"कशानं भरू? परवा खाणवाल्यांनी तळ्यावर नुसते चाचणीचे पंप लावले. काल विहिरीत बादली सोडली, तर खडखडत वर आली. ते म्हणतात, उन्हाळ्यात विहिरी आटतातच."

"आधी का नाही बोललास?"

"म्हटलं, निकाल तर आपल्या बाजूनं लागलाय. उगाच तुझ्या जिवाला घोर कशाला?"

पंख्याच्या वाऱ्यानं अहवालाचं पान फडफडत होतं. ते दाबून धरायचंही तिला सुचलं नाही. धाकटा एकेका बाटलीला झाकण लावू लागला, या वेळी अगदी घट्ट.

"हे पाणी आता तुझ्या कामाचं नाही ना?"

"नाही."

"मग नेतो. रोपांना होईल."