बारीक आहे, पण आहे

रेघमावशीचं खरं नाव ओळखपत्रावर होतं आणि ओळखपत्र पिशवीच्या तळाशी. ज्या ज्या कचेरीत पलंगाएवढाले प्रिंटर होते, तिथे तिला सगळे रेघमावशीच म्हणत, कारण छापलेल्या नकाशावर नको ती रेघ उमटली की बोलावणं हिलाच जाई. पंचवीस वर्षं तिने दुसरं काही केलं नव्हतं. हत्यारं काय, सगळ्यांकडे असतात. हिच्याकडे डोळा होता. दुसऱ्याला भिंग लावून सापडणार नाही ती रेघ हिला दारातूनच दिसायची. त्या डोळ्यावर तिचं पोट होतं आणि, खरं सांगायचं तर, सगळा तोराही.

म्हणून त्या दिवशी त्याच नकाशांच्या कचेरीत सलग तिसऱ्यांदा जिना चढताना ती मनातल्या मनात धुमसत होती. एकाच मशीनसाठी तीन फेऱ्या म्हणजे तिच्या लेखी नामुष्की.

मशीन खिडकीशी होतं. त्यातून एका बागेचा नकाशा छापून निघायचा होता, दोन माणसांनी हात पसरले तरी मावणार नाही एवढा. मधोमध तळं, भोवती पायवाटा, कडेने झाडांचे हिरवे गोळे. उद्या दुपारी तो नकाशा लोकांसमोर भिंतीवर लागणार होता. पहिल्या दिवशी त्या तळ्यातून बोटभर जाडीची पांढरी रेघ गेली होती. ती मावशीने अर्ध्या तासात काढली. शाईचा डबा इकडून तिकडे धावताना ज्या पारदर्शक पट्टीकडे बघून आपली जागा ओळखतो, त्या पट्टीवर कोणाचं तरी तेलकट बोट लागलं होतं. मऊ फडक्याने पुसलं, की झालं. पण निघता निघता तिने मागे वळून पाहिलं आणि ती थांबली.

"अजून एक आहे," ती म्हणाली होती. "बारीक आहे."

नकाशेकाका पुढे झाले. हे त्या कचेरीतले सगळ्यात जुने आरेखक, हाताने नकाशे काढायच्या काळापासूनचे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला, तळ्यापाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"हो," ते शेवटी म्हणाले. "बारीक आहे, पण आहे."

स्वागतिका म्हणाली, "आहे की." साहेब जाता जाता म्हणाले, "आहेच." झालं. तेव्हापासून कचेरीत येणारा जाणारा त्या तळ्यासमोर थांबून तेच म्हणू लागला. पाणी द्यायला आलेलासुद्धा मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी मावशीने शाईचं डोकं बदललं, पट्टी बदलली, रूळ धुतले. रेघ तिथेच.

आज सकाळी साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही एकदा 'गेलं' म्हणा, मी संध्याकाळपर्यंत हे मोडीत काढतो. तुमच्या डोळ्यापुढे आमचं काय चालणार."

मशीन तिच्या ओळखीचं होतं. दहा वर्षांत त्याने कधी कुचराई केली नव्हती.

तिची एक जुनी रीत होती. नकाशा आडवा करून पुन्हा छापायचा. रेघ नकाशाबरोबर फिरली तर चूक नकाशा काढणाऱ्याची. रेघ आपल्या जागी राहिली तर चूक मशीनची. तिसरं काही नसतं, असं ती नवशिक्यांना ठणकावून सांगत असे. तिने तळं आडवं करून छापलं, कागद भिंतीला टाचला, दोन पावलं मागे सरली. रेघ उभीच होती, तळ्याच्या बरोब्बर मधून. म्हणजे मशीन.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. मावशी स्टुलावर बसून मशीनचा आवाज ऐकत राहिली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कागद हळूहळू खाली उतरत होता आणि त्याबरोबर तळंही, निळं, गार, कोणी न ढवळलेलं. तिला वाटलं, आपण चपला काठावर ठेवून त्यात उतरलो आहोत. पाणी गुडघ्याला लागत होतं. पायवाटेवर कोणीच नव्हतं, आणि पाण्यावरची ती फिकट रेघ ती जाईल तिकडे तिच्या पुढे सरकत होती. डावीकडे वळली तर डावीकडे. तिने हात लांब करून ती पुसायला घेतली. रेघ हाताच्या वर आली.

ती दचकून जागी झाली. नकाशा संपला होता, कापायच्या आधी मशीन कोरा कागद पुढे ढकलत होतं. हातभर, दोन हात, पांढराशुभ्र. त्यावर शाईचा थेंबही पडला नव्हता.

त्यावर रेघ होती.

मावशीने तो कोरा तुकडा कापला. आयुष्यभर तिने नकाशे भिंतीवरच बघितले होते. एवढे मोठे कागद हातात धरून फिरवतं कोण? हा तुकडा लहान होता. तिने तो फिरवला. कागद फिरला, रेघ फिरली नाही. मग तिला सगळं एकदम आठवलं. पडदा नीट धुतला नाही म्हणून सकाळी ती घरकामाच्या ताईवर करवादली होती. ताईने मुकाट्याने तो परत भिजवला होता. बसची काच तिने रुमालाने तीनदा पुसली होती. आठ दिवस सगळ्या जगावर डाग पडला होता आणि ती सगळ्या जगाला बोल लावत होती.

लोक जेवून परत आले. तिने तो तुकडा भिंतीला टाचला.

"यावर दिसते?" तिने विचारलं.

"आहे की," स्वागतिका म्हणाली आणि उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"आहेच," साहेब म्हणाले आणि त्यांनी डाव्या बाजूला बोट ठेवलं.

नकाशेकाकांनी चष्मा पुसला. "बारीक आहे," ते म्हणाले, "पण आहे."

मावशीने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. कागद स्वच्छ झाला. इतका स्वच्छ कागद तिने आठ दिवसांत पाहिला नव्हता. तिला रडू आलं, आणि ते लपवायची तसदीही तिने घेतली नाही.

"हा कोरा कागद आहे," ती म्हणाली. "रेघ माझ्या डोळ्यात आहे. तुमचं मशीन ठणठणीत आहे."

साहेबांना अचानक फोन करायचं आठवलं. स्वागतिका आपल्या जागेवर जाऊन कागद लावू लागली. नकाशेकाका मात्र स्टूल ओढून खाली बसले.

"मला तीन दिवस काही दिसत नव्हतं," ते म्हणाले.

"मग हो का म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात आहे, सगळे म्हणाले आहे. मला वाटलं, गेले माझे डोळे. रेघ न दिसणाऱ्या आरेखकाला कोण ठेवून घेईल? घरी हिलासुद्धा सांगितलं नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही."

मावशीला हसू आलं, मग वाईट वाटलं, मग दोन्ही एकदम. "काका, तुम्हाला तर बरं दिसतंय. त्या तळ्यावर खरंच काही नाही."

"काही नाही ना?" त्यांनी लहान मुलासारखं परत विचारलं.

"काही नाही."

त्यांचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग खिशातून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती. आजची, चारची. पुढची वेळ महिन्याने मिळते म्हणाले." त्यांनी चिठ्ठी तिच्या हातात ठेवली. "आता मला नकोय. चला, मी पोचवतो. पिशवी द्या इकडे."

हत्यारांची पिशवी मावशीने आजवर कोणाला उचलू दिली नव्हती. तिने ती दिली. कामाच्या कागदावर 'दोष कुठे' असं छापलेलं होतं आणि खाली तीन चौकटी: मशीन, फाइल, कागद. तिने एकीवरही खूण केली नाही. नुसती सही केली.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होती. तिने डावा डोळा झाकायला सांगितला आणि समोर एक पांढरं कार्ड धरलं, काळ्या बारीक चौकटींचं, मधे ठिपका. "ठिपक्याकडे बघा, मावशी. सगळ्या रेघा सरळ दिसतात?"

मधल्या चौकटी भिजल्यासारख्या वाकल्या होत्या आणि त्यांतून ती ओळखीची फिकट पट्टी गेली होती. मावशीने हात पुढे करून कार्ड आडवं केलं.

"फिरवलंत का?"

"सवय," मावशी म्हणाली. वाकलेलं होतं तिथेच राहिलं.

दाराच्या फटीतून बाकावर बसलेले नकाशेकाका दिसत होते, मांडीवर तिची पिशवी घट्ट धरून. हो म्हणणं किती सोपं होतं. हो, सरळ आहेत. उद्या पुन्हा जिना चढायचा, पुन्हा सगळ्यांनी माना डोलवायच्या. तिच्या शब्दाला कोणीही नाही म्हणालं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "वाकड्या आहेत. बारीक आहे, पण आहे."

"लवकर आलात, बरं झालं," डॉक्टर म्हणाली आणि तिने खुर्ची जवळ ओढली. "नक्की कुठे, दाखवा बघू."

मावशीने बोट उचललं. पंचवीस वर्षांत हजारो रेघांवर तिने ते ठेवलं होतं. आज रेघ तिची स्वतःची होती. तरी तिने ते बरोबर जागेवर ठेवलं.