सहावा भाग

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. कवळीकाकांचं मात्र एकतीस वर्षं भरलं, तेही दुसऱ्यांचे दात कोरून. काका कामाला होते त्या लॅबमध्ये दवाखान्यांतून जबड्यांची मापं यायची. काका त्यांत प्लास्टर ओतायचे, ते घट्ट झालं की साचा सोडवायचे आणि त्यावर दातांची ओळ बसवायचे. ज्यांच्या तोंडात त्या कवळ्या जायच्या ती माणसं त्यांना कधी दिसली नाहीत. डबीवर नुसता नंबर असायचा. मग साच्याकडे बघत काका स्वतःशीच ठरवायचे, की हा गडी डावीकडूनच चावणारा, म्हणजे हट्टी. ही बाई रागात दात खाणारी, दाढा पार झिजवून टाकल्यात. गोष्टी लिहायची खोड लागली ती अशी.

खोडच म्हणायची, कारण तिच्यातून काकांना एक छदाम मिळाला नाही आणि मिळावा असं त्यांना वाटलंही नाही. खिशात एक छोटी वही असे. बसथांब्यावर, न्हाव्याकडे, औषधाच्या दुकानात कोणी मजेशीर वाक्य बोललं की ते वहीत जायचं. रविवारी टेबलाशी बसून चार पानं लिहायची आणि संध्याकाळी बायकोला वाचून दाखवायची. ती भाजी चिरता चिरता ऐके. तिची सगळी समीक्षा एका शब्दाची. काका श्वास घ्यायला थांबले की ती म्हणायची, "मग?" गोष्ट आवडली की हा "मग?" पटकन यायचा. रटाळ झाली की नुसता सुरीचा आवाज यायचा, आणि काका काय ते समजून जायचे.

ती जाऊन तीन वर्षं झाली होती. काका अजून रविवारी लिहायचे आणि संध्याकाळी वाचायचेसुद्धा, पण मनात. मोठ्याने एकदा वाचून पाहिलं, तर पानाच्या शेवटी इतकं शांत झालं की उठून रेडिओ लावावा लागला.

मुलगी दुसऱ्या शहरात. तिचा फोन रविवारी सकाळी, कपडे वाळत घालता घालता. चिमटे दातात धरून बोलायची, त्यामुळे निम्मे शब्द काकांना अंदाजाने घ्यावे लागत. तिनेच ही कल्पना काढली.

"बाबा, तू अख्खी गोष्ट एकदम नको टाकूस. हल्ली भागाभागाने चालतं. दर गुरुवारी एक भाग. लोक वाट बघत बसतात."

"कोण लोक?"

"असतात रे. टाकून तर बघ."

तिने फोनवरूनच त्यांना एका वेबसाइटवर पान उघडून दिलं. आणि काकांनी एका बेकरीवाल्याची गोष्ट सुरू केली. बेकरीवाला अबोल, बेकरीवाली बोलकी. ती भट्टीशी भांडायची, गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची, नवऱ्याच्या चपला कुठे आहेत ते त्याच्याआधी तिला माहीत असायचं. ही बाई कुठून आली हे सांगायला ज्योतिषी नको. काकांनी स्वतःच्या बायकोच्या हातात फक्त पीठ दिलं होतं.

पानाच्या कोपऱ्यात आकडा दिसे, किती जणांनी वाचलं त्याचा. पहिल्या गुरुवारी अकरा, दुसऱ्याही गुरुवारी अकरा. काकांना अकरा म्हणजे सभागृह भरल्यासारखं वाटलं. त्यांनी त्या अकरा जणांना जबडेसुद्धा देऊन टाकले. तिसऱ्या नंबरचा पुढचा दात तुटका. सातव्या नंबरची बाई हसताना ओठ मिटून घेणारी. बसमध्ये कोणी फोनमध्ये डोकं घालून बसलं असलं की काका वाकून बघायचे, आपलीच बेकरी तर नाही ना. नसायची.

पण अकरांपैकी दहा हे नुसतं लोणचं. लिहिलं जात होतं ते एकीसाठीच. काकांना मुलीला एक गोष्ट सांगायची होती, जी तीन वर्षांत तोंडातून फुटली नव्हती. ती त्यांनी सहाव्या भागात लिहिली.

त्या भागात बेकरीवाली दुपारी घरून फोन करते. "अहो, जरा लवकर येता का? बरं वाटत नाहीये." बेकरीवाला म्हणतो, "भट्टीत पाव आहेत. निघू देत, मी निघतोच." पाव निघतात. मग तो ते मोजतो, ट्रे पुसतो, फडकं झटकून खिळ्याला लावतो, कारण रोज तसंच करतो. सव्वा तासाने घरी पोचतो तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर असते.

खऱ्यात भट्टीच्या जागी प्लास्टर होतं, बाकी फडक्यापर्यंत सगळं तेच. डॉक्टर नंतर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तरी सांगता आलं नसतं. काकांनी मुलीला सांगितलं, "मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं." खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त तो फोन त्यांनी मधून काढून टाकला होता.

गुरुवारी हात थरथरत असताना त्यांनी सहावा भाग टाकला. रविवारी सकाळी सात वाजल्यापासून फोन समोर ठेवून बसले. मुलगी रडेल, ओरडेल, आठवडाभर बोलणार नाही, सगळ्याची तयारी होती.

"बाबा, सहावा भाग मस्त झालाय," मुलगी म्हणाली. चिमटे दातातच होते.

"मस्त?"

"हो, म्हणजे छानच. तुझ्या गुडघ्याचं काय?"

"तुला काही विचारायचं नाही?"

"कशाबद्दल?"

"काही नाही," काका म्हणाले. "गुडघा बरा आहे."

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पोरीने ओळखलं आणि माफ केलं? का ओळखलंच नाही? का तिचं काळीजच दगडाचं? सातवा आणि आठवा भाग त्यांनी कसेबसे लिहिले. त्यांत बेकरीवाला एकटाच होता. ओट्यावर एक कप पालथा.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पानाच्या वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं एक चित्र आहे. इतके दिवस त्यांना ती जाहिरात वाटत होती. दाबलं तर आत एक निरोप, वीस दिवसांपूर्वीचा.

"नमस्कार. मी लॉण्ड्रीत इस्त्रीच्या कामाला असते. तुमची गोष्ट मी आईला वाचून दाखवते, तिला आता दिसत नाही. सहाव्या भागाच्या नावाखाली तुम्ही पाचवाच भाग पुन्हा टाकलाय. आईने दुसऱ्या वाक्याला पकडलं. खरा सहावा कधी?"

काकांनी सहावा भाग उघडला. वर ठळक अक्षरात 'भाग सहा' आणि खाली पाचवा, जसाच्या तसा. त्यांची थरथरती बोटं चुकीच्या फाइलवर पडली होती. आकडा बघितला. अकरा.

म्हणजे मुलीने वाचलंच नव्हतं. बाकीच्यांनीही उघडून मिटलं असणार. कवळीकाकांचा जन्म दाखवायच्या दातांत गेला होता, आणि तरी त्यांना आपल्याच लेकीचे ओळखता आले नव्हते. त्यांना भयंकर एकटं वाटलं. बायको गेली त्या आठवड्यात घरभर माणसं होती, तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

रविवारी मुलीला झापायचं असं त्यांनी पक्कं केलं. पण फोन आला आणि त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. चोराच्या मनात चांदणं. झापलं असतं तर तिने सहावा भाग मागितला असता, आणि तो देण्याची हिंमत एकदाच गोळा झाली होती, ती तर चुकीच्या फाइलवर खर्ची पडली.

लॉण्ड्रीवालीला मात्र त्यांनी माफी मागून लिहिलं, की लवकरच टाकतो. लगेच उत्तर आलं.

"थांबा जरा. सातवा-आठवा वाचून मला अंदाज आलाय काय झालं असेल. कप पालथा आहे ते मी आईला वाचून दाखवलंच नाही. तिने ठरवलंय की बेकरीवाली रुसून बहिणीकडे गेलीय. रोज विचारते, आली का गं? ती मेली असेल तर एवढ्यात नका टाकू. जमलं तर बघा."

आयती पळवाट मिळाली, आणि तीही पुण्य पदरात टाकणारी. नवव्या भागात बहिणीच्या घरून बेकरीवालीचं पत्र आलं. माझ्यामागे भट्टी नीट पुसता का, का नुसतं फडकं फिरवता? दहाव्या भागात आणखी एक, बहिणीच्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल तीन पानं. वाचणाऱ्यांचा आकडा सहावर आला, मग चारवर. काकांना त्याचं काही वाटेनासं झालं. दर शुक्रवारी निरोप यायचा. आई इथे हसली. आई म्हणते, बहिणीच्या नवऱ्याला एका कुशीवर झोपवा. आई म्हणते, हा बेकरीवाला तिला आणायला का जात नाही, याचे पाय मोडलेत का?

त्या रविवारी काकांनी लिहिलं, की बेकरीवाला तिकीट काढायला गेला पण रांग मोठी होती.

असे चार महिने गेले. बायकोचा आवाज पुन्हा घरात येऊ लागला होता, निदान कागदावर तरी. काका तो लिहिताना हसायचे आणि लिहून झाल्यावर तसेच बसून राहायचे. आपण एका म्हातारीच्या आडून लपलोय हे त्यांना कळत होतं.

मग एका शुक्रवारी निरोप आलाच नाही. पुढचा बुधवारी आला.

"आई गेली. झोपेतच. आदल्या दिवशी विचारत होती, पत्र आलं का. आता बेकरीवाली मेली तरी चालेल. खरा सहावा भाग मला द्याल? मला एकटीलाच द्या."

काकांनी चार ओळी सांत्वनाच्या लिहिल्या. मग फाइल उघडून पहिलं वाक्य तपासलं, शेवटचं तपासलं, आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी कामावर त्यांचं अर्धं लक्ष फोनकडे होतं. दुपारी रबरी वाडग्यात प्लास्टर कालवत असताना तो वाजला.

"वाचला. दोनदा वाचला. एक विचारू? पाव भट्टीत तसेच सोडून निघता येत नाही का?"

काका उभेच राहिले. हातातला कालथा थांबला. एकतीस वर्षांत कालवलेलं प्लास्टर त्यांनी कधी सोडलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरून मालक म्हणाले, "काका, झोपलात का? वाडग्यातच घट्ट होईल ते."

"होऊ दे," काका म्हणाले.

ते झालं. पांढरा गोळा वाडग्याच्या आकाराचा. काकांनी रबर दाबून तो टोपलीत पाडला, वाडगा पुसला, नवीन पाणी घेतलं, नवीन भुकटी घेतली. मालकांनी भुवया वर केल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागले. जगबुडी झाली नाही. दुसरं प्लास्टर कालवायला दोन मिनिटं लागली.

काकांनी हात पुसले आणि उत्तर लिहिलं, "येतं. पाव जळतात, एवढंच."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सहावा भाग कागदावर छापून आणला होता, तो टेबलावर ठेवला आणि मुलीला फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून ती घाबरली.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही. बस जरा कुठेतरी. तुला सहावा भाग वाचून दाखवतो."

"अरे, वाचलाय मी तो. सांगितलं ना, मस्त होता."

"नाही वाचलास," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तेव्हा कोणीच नाही वाचला. मी टाकलाच नव्हता."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, मी तिसऱ्यानंतरचे उघडते आणि बंद करते. त्यात आई इतकी आहे की..." तिने वाक्य सोडून दिलं.

"बरं," काका म्हणाले. "मग आता ऐक. यात बेकरीवाला म्हणजे मी आहे. पाव म्हणजे प्लास्टर. बाकी सगळं जसं झालं तसं आहे."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. दुपार झाली. फोन वाजला. "अहो, जरा लवकर येता का? बरं वाटत नाहीये," बेकरीवाली म्हणाली. "भट्टीत पाव आहेत. निघू देत, मी निघतोच," बेकरीवाला म्हणाला. इथे कागद काकांच्या डोळ्यांसमोर पुसट झाला. त्यांनी थांबून श्वास घेतला. फोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं, नळ नाही की चिमटे नाहीत. ती ठेवून गेली असेल असं त्यांना वाटलं.

"मग?" मुलीने विचारलं. तिचा आवाज भिजलेला होता.

काकांनी कागद दिव्याजवळ धरला आणि पुढे वाचू लागले.