बॉनेटवरचे पांढरे ठिपके
बोअरचं पाणी क्षारांचं, म्हणून मास्तर काळी गाडी सावलीत धुवायचे आणि पाणी वाळायच्या आत मऊ फडक्याने पुसून घ्यायचे. तरी एखादा ठिपका राहिलाच, तर बायको दारातूनच ओरडायची.

आज तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. धुता धुता फोन आला, तेवढ्यात ऊन गाडीवर सरकलं आणि अख्खं बॉनेट पांढऱ्या ठिपक्यांनी भरलं. आता आपली खैर नाही, असं मनात म्हणत मास्तर उभे राहिले.

बायको बॉनेटवर वाकली. "आज अगदी लख्ख पुसलीत हो!"

मास्तरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं; ती टोमणा मारत नव्हती. "तुझ्याच धाकाने," ते कसंबसं म्हणाले.

उरलीसुरली नजरही जाणार, इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना ती खिडकीबाहेर बघत होती. काय दिसतंय, हे विचारायचं मास्तरांना धाडस झालं नाही.