तिसरा साक्षीदार

कोशाच्या कार्यालयात दोन खोल्या, तीन टेबलं आणि लाखभर कार्डं होती. माणसं मात्र एवढीच, की एका किटलीत सगळ्यांचा चहा भागायचा. इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगणारा जाडजूड कोश इथे तयार होई. प्रमुख संपादकांना सगळे त्यांच्यामागे 'वकीलसाहेब' म्हणत, कारण अर्थ नुसता खरा असून त्यांचं समाधान होत नसे, त्यांना साक्षीदार लागत. तीन वेगवेगळ्या माणसांनी तो शब्द त्याच अर्थाने वापरल्याची तीन कार्डं. छापलेलं चाले, बोललेलंही चाले, पण माणूस आपणहून बोललेला हवा. त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही.

बाई इथे बावीस वर्षं होत्या. या आवृत्तीत 'बी' अक्षर त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचं घोडं 'बाल्टिक'पाशी अडलं होतं. पहिल्या अर्थाची काही चिंता नव्हती. उत्तर युरोपातल्या त्या नावाच्या समुद्राचा, त्याच्या काठच्या देशांचा, तिकडच्या भाषांचा. कार्डांचा नुसता ढीग. पंचाईत होती ती दुसऱ्या, बोलीतल्या अर्थाची: हाडं गोठतील इतकं थंड. हवेला म्हणा, खोलीला म्हणा, आंघोळीच्या पाण्याला म्हणा. माणसाच्या स्वभावाला मात्र नाही. या अर्थाची कार्डं दोनच. एक कादंबरीतलं, एक वर्तमानपत्रातलं. शनिवारी पानं छापखान्यात जाणार होती आणि पुढची आवृत्ती निघायला बारा वर्षं. बाईंचे वडील आत्ताच एक्क्याऐंशीचे होते.

वडिलांचा इथे काय संबंध, तर तिसरा साक्षीदार म्हणजे तेच.

बाबांनी तीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत ऑइलमनचं, म्हणजे यंत्रांना तेल-वंगण घालण्याचं काम केलं. निवृत्त होऊन आले ते एक पत्र्याची पेटी आणि सोबत्यांकडून उचललेली पाच-सहा इंग्रजी वाक्यं घेऊन. हिवाळ्यात बाहेरून आले की दारातूनच घोषणा व्हायची, "इट्स बाल्टिक आउट देअर!" आणि मग कुठल्या तरी बंदरातली गोष्ट निघायची. बाईंना कोशात नोकरी लागली त्याच आठवड्यात दोन सहकारी घरी चहाला आले होते. बाबा काखेत पाव आणि लालबुंद नाक घेऊन आत शिरले, घोषणा झाली, पाहुणे हसले. बाईंच्या डोक्यात नवी नोकरी भिनलेली. त्या म्हणाल्या, "बाबा, बाल्टिक म्हणजे समुद्र. थंड असा अर्थ कोशात नाही. उगाच काहीतरी बोलू नका."

बाबांनी पाव टेबलावर ठेवला. "नसेल," म्हणाले आणि खाली वाकून बूट काढू लागले. त्यानंतर तो शब्द घरात ऐकू आला नाही. बंदरांच्या गोष्टीही हळूहळू आटल्या.

दहा वर्षांनी कादंबरीतलं कार्ड हाती पडलं, तेव्हा बाईंचे कान लाल झाले. कबूल करावं तर जीभ रेटेना. त्या दिवशी त्यांनी बाबांच्या चहात एक चमचा साखर जास्त घातली. या घरात माफी अशीच मागायची पद्धत होती.

आता मात्र साखरेवर भागणार नव्हतं. सोमवारी नाश्त्याच्या वेळी बाईंनी खिशात कोरं कार्ड ठेवलं आणि खिडकी सताड उघडी ठेवली. बाबा म्हणाले, "खिडकी लाव." मंगळवारी हीटर 'बिघडला'. बाबांनी हत्यारांची पिशवी आणली, हीटर उघडला, बाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि दोन मिनिटांत चालू करून दिला. बुधवारी त्या बाबांना फिरायला म्हणून थेट नदीवरच्या पुलावर घेऊन गेल्या. वारा असा, की डोळ्यांतून पाणी. बाबांनी मफलर कानांवर ओढला. "काय गारठा आहे गं," म्हणाले. बाईंनी कपाळाला हात लावला.

गुरुवारी सकाळी बाबांनीच विषय काढला. "तीन दिवस मला कुडकुडवते आहेस. काय हवंय तुला?"

"कुठे काय?"

"खिशात कार्ड कशाला मग?" बाबा शांतपणे म्हणाले. "तो शब्द ना? तो तर तुमच्या कोशात नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "चुकलं माझं, बाबा. तुमचं बरोबर होतं. चारचौघांत मी तुम्हाला खोटं पाडलं, आणि कळल्यावरही गप्प बसले."

बाबांनी आपल्या कपातला एक घोट घेतला. मग म्हणाले, "चहा निवतोय तुझा."

शुक्रवारी बाई वकीलसाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "दुसरा अर्थ काढून टाकते. तिसरा साक्षीदार घरी आहे, पण आता ते बोलले तरी चालणार नाही. त्या शब्दावर आमचं बोलणं होऊन बसलं आहे."

"पूर्वी कधी बोलले होते?"

"शेकडो वेळा."

"शेकडो नकोत. एक सांगा. तारीख, जागा, पूर्ण वाक्य."

बाईंनी सांगितलं. तारीख, चहाची वेळ, दार, काखेतला पाव, नाक, वाक्य.

"बावीस वर्षांपूर्वीचं इतकं लक्षात कसं?"

"त्यापुढचं वाक्य माझं होतं, म्हणून."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. "त्या चहाला मी होतो," ते म्हणाले. "हसलेल्या दोघांतला एक मी. पार विसरून गेलो होतो, बघा." त्यांनी एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. "लिहा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही."

संध्याकाळी बाईंनी पानाचं मुद्रित बाबांपुढे ठेवलं. बाबांनी भिंग घेतलं. दीड ओळ वाचायला त्यांना दहा मिनिटं लागली. उदाहरणाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं: 'एक निवृत्त ऑइलमन, बोलताना.'

"ऑइलमन बरोबर लिहिलंस," बाबा म्हणाले. "लोक खलाशी लिहून मोकळे होतात." एवढंच बोलून त्यांनी भिंग डबीत ठेवलं. बाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी आवरलं नाही.

शनिवारी पानं गेली. रविवारी सकाळी बाबा पाव आणायला बाहेर पडले. परत आले ते जिन्यातच बूट आपटत, आणि दार उघडताच सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इट्स बाल्टिक आउट देअर!"

बावीस वर्षांची सवय. बाईंनी आपसूक कार्ड आणि पेन्सिल उचलली.

"ठेव ती पेन्सिल," बाबा म्हणाले. "हे घरचं आहे."