आठवड्याआड इल्फा

तिचा आठवडा

शुक्रवारी शाळा सुटली की इल्फा बॅग घेऊन बापाकडे येते. पुढच्या शुक्रवारी तीच बॅग घेऊन आईकडे जाते. दोन घरांमध्ये एक चढण, एक चर्च आणि एक पेट्रोल पंप. बॅग दोन्ही घरांत पूर्ण रिकामी होत नाही.

तिच्या शुक्रवारी बाप, थोरगेर, बंदरावरच्या वजनकाट्यावरून लवकर निघतो. मासे आणतो, बटाटे उकडायला टाकतो. चौदा वर्षांची मुलगी बटाटे काट्याने इकडून तिकडे ढकलत बसते. शाळा कशी आहे, तो विचारतो. बरी आहे, ती म्हणते. जणू शाळेला मध्यंतरी ताप आला होता.

या खेपेला तिच्या खोलीत आंब्याचा वास होता.

थोरगेरला तो आवडला. या गावात आंबा डब्यातूनच येतो, पाकात बुडून. शाम्पू नवा असेल, त्याने ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून तिच्यासाठी मुद्दाम आंब्याचं दही आणलं. इल्फाने दह्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, जरा जास्तच वेळ.

बुधवारी तिची जीन्स धुवायला टाकताना खिशात ते सापडलं. गुलाबी, बोटाएवढं, एका टोकाला चपटं तोंड. नाकाजवळ नेल्यावर शाम्पूचा प्रश्न मिटला.

विचारायचं होतं ते:
कधीपासून ओढतेस?
कोण आणून देतं?
एकटी असताना पण?
हँडबॉल याच्यामुळे सोडलास का?

विचारलं ते:
जीन्स उद्या लागणार होती का?

व्हेप त्याने पलंगावर, तिच्या स्वेटरच्या खाली सरकवून ठेवला. तिने काढून ठेवला आणि विसरली असं वाटावं, इतपत आत.

भित्रा माणूस नव्हता तो. वीस वर्षं समुद्रावर काढली होती. पण इथे मुलं एवढी झाली की कुठल्या घरी राहायचं ते त्यांना विचारतात, आणि ती सांगतात. कोर्ट नाही, भांडण नाही. वजनकाट्यावरचा बार्दूर मुलाला मोबाइल वापरण्यावरून एकदाच मनापासून रागावला होता. मुलगा म्हणाला, मी आईकडेच राहतो. आता बार्दूरला तो नाताळात दिसतो, नवीन उंचीचा.

एक शब्द चुकला की इल्फाचे आठवडे जातील. थोरगेरकडे दुसरं काही नव्हतं.


रिकामा आठवडा

रिकाम्या शुक्रवारी कुठे जायचं हे सुचत नाही म्हणून त्याने पालकांच्या फेरीत नाव दिलं होतं. संध्याकाळी जेवणं झाली की दोघादोघांनी पिवळी जाकिटं चढवून गावातून चालायचं. ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही, कुणाचे खिसे तपासायचे नाहीत. नुसतं दिसायचं. एखादं पोर उशिरा बाहेर सापडलं तर घरापर्यंत सोबत करायची, आणि त्याचं नाव फक्त त्याच्याच घरी घ्यायचं.

फेरीला त्याच्याबरोबर स्टेनवर होती, शाळेच्या स्वयंपाकघरातली. गावातल्या प्रत्येक पोराला काय आवडत नाही हे तिला पाठ. चालताना तीच बोलायची. थोरगेरला ते बरं वाटायचं, माणसाचा आवाज म्हणून.

बर्फाच्या कारखान्यामागे वारा लागत नाही. तिथे पोचल्यावर स्टेनवर थांबली आणि नाक वर करून हुंगायला लागली. टॉर्च थोरगेरकडे होता. त्याने तो भिंतीच्या कोपऱ्यावर मारला.

हिवाळ्यात गावातली पोरं कोटाला चकचकणाऱ्या पट्ट्या लटकवून फिरतात, गाड्यांना अंधारात दिसावीत म्हणून. बँक फुकट वाटते, सगळ्यांच्या सारख्याच. इल्फाची तेवढी वेगळी. ती थोरगेरने जुन्या जलरोधक पोशाखाच्या पट्टीतून स्वतः कापली होती, चांदणी म्हणून. पाच टोकं नीट आली, सहावं अर्ध्यातच राहिलं.

टॉर्चच्या उजेडात तीन ठिपके चमकले. दोन गोल. एक साडेपाच टोकांचा.

त्याने टॉर्च बंद केला.

"बॅटरी गेली वाटतं," तो म्हणाला.

"कुणी आहे का तिथे?"

"कुणी नाही. मांजर होतं."

"गावातली मांजरं आंबे खायला लागली म्हणायची," स्टेनवर म्हणाली, आणि पुढे चालू लागली.


तिचा आठवडा

इतका छान आठवडा त्याने कधी पाहिला नव्हता.

इल्फाने धिरडी केली. इल्फाने स्वतःहून भांडी घासली. सोफ्यावर सिनेमा बघताना तिने पाय त्याच्या मांडीवर टाकले, लहानपणी टाकायची तसे. फेरीबद्दल तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दोघांमध्ये एक बंद टॉर्च होता आणि दोघं त्याला जपत होते.

फक्त सिनेमा तिला सलग बघवत नव्हता. सारखी उठायची, बाथरूममध्ये जायची, पंखा लागल्याचा आवाज यायचा, मग शांत होऊन परतायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी भिंतीपलीकडून खोकला यायचा. एकदा ते गुलाबी यंत्र तिला सापडेना, तेव्हा तिने अख्खी खोली उलटी केली. काय शोधतेस, त्याने दारातून विचारलं. काही नाही, म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ती शाळेत गेल्यावर त्याने तिच्या खोलीची खिडकी सताड उघडली. बर्फाचा वारा आत घेतला, वास पार जाईपर्यंत. इल्फाची आई गुड्नी कधीमधी बॅग न्यायला आत येते. आईच्या नाकाचा भरवसा नाही.


रिकामा आठवडा

साल्का पोहण्याच्या तासाला कोसळली.

इल्फाच्याच वर्गातली. शिक्षिकेने तिला पाण्याबाहेर ओढलं तेव्हा ती उलट्या करत होती आणि छाती अशी धडधडत होती की पोहण्याच्या कपड्यावरून दिसावी. रस्त्यावर बर्फ साचलेलं, घाट ओलांडून हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, व्हेपच्या डबीवर लिहिलं होतं त्याहून कितीतरी जास्त निकोटिन आत होतं, आणि पोरगी सकाळपासून ओढत होती. वाचली. पुढच्या वेळचं सांगता येत नाही, असंही ते म्हणाले.

संध्याकाळी सगळं गाव पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलं होतं. एरवी तिथे गप्पांत सरकार पडतं, लग्नं मोडतात. आज विषय एकच होता. कारखान्यामागे जमायची म्हणे पोरी, कुणीतरी म्हणालं. मग फेरीवाल्यांना दिसल्या कशा नाहीत, दुसऱ्याने विचारलं.

वाफेतून स्टेनवर सरकत सरकत थोरगेरशेजारी आली.

"ते मांजर," ती हळूच म्हणाली.

थोरगेरने पाण्याकडे पाहिलं.

"इल्फा होती. अजून दोघी होत्या, त्या मी बघितल्याच नाहीत. तिची चांदणी दिसली आणि टॉर्च बंद केला."

स्टेनवरने आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते पाहिलं.

"मला काय सांगतोस," ती म्हणाली. "गुड्नीला सांग."

तो केस न पुसताच निघाला. चर्चपर्यंत पोचेतो केसांच्या काड्या झाल्या होत्या. गुड्नीने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, पण बाजूला झाली. त्याने बूट न काढता उभं राहूनच सगळं सांगितलं, खिसा, चांदणी, उघडी खिडकी. ती चिडेल म्हणून तो वाट बघत होता. ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली.

"मला सप्टेंबरपासून माहीत आहे," गुड्नी म्हणाली.

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, मी ओरडले तर ती तुझ्याकडेच राहते म्हणेल."

वरच्या पायरीवर इल्फा उभी होती. साल्काची बातमी आल्यापासून रडून रडून नाक लाल झालेलं.

"वा," ती म्हणाली. "दोघांचं एकमत झालं कशावर तरी."

थोरगेर तिच्याकडे वळला.

"तू टॉर्च बंद केलास ना, पप्पा, तेव्हा मला वाटलं तू माझ्या बाजूने आहेस."

"मी माझ्या बाजूने होतो," तो म्हणाला. "म्हणूनच बंद केला."

"मग तिकडेच राहा, एकटा. मी येणार नाही."

आणि दार लागलं. वरचं.


तिचा आठवडा

आली नाही.


रिकामा आठवडा

आंब्याच्या दह्याची तारीख उलटून गेली. त्याने ते टाकलं.

इकडे शाळेच्या जेवणघरात सभा झाली. आधी बरीच आदळआपट झाली. कुणाच्या पोरीने कुणाच्या पोरीला शिकवलं, यावरून दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. मग साल्काच्या बापाने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि ज्यांच्या घरी ते यंत्र सापडलं आहे त्यांनी हात वर करा म्हणाला. थोरगेरने केला. लगेच गुड्नीने, दुसऱ्या टोकाहून. मग एकेक करत इतके हात वर झाले की आपापला हात खाली घ्यायचं लोकांना सुचेना.

विकणाऱ्याचं नाव पोलिसांना कळवलं गेलं. नर्सने सांगितलं की ही खोड नाही, व्यसन आहे, आणि शिक्षेने सुटत नाही. दर मंगळवारी ती शाळेत बसू लागली. कारखान्यामागे मोठा दिवा लावायचं ठरत होतं, तेव्हा स्टेनवर उठली. दिवा लावाल, ती म्हणाली, मग पोरं आपापल्या खोलीत दार लावून एकेकटी ओढतील. अंधारात निदान तिघी तरी होत्या. बाहेरून हाकलता तर कुणाच्या तरी घरात घ्या की.

तेव्हा चिठ्ठ्या टाकून पोरांचे गट पाडले. शुक्रवारी एकेक गट कुणाच्या तरी घरी जाईल, आणि त्या घराने फक्त जेवू घालायचं.


कुणाचाच नाही असा आठवडा

थोरगेरची पाळी आली तेव्हा गटात कोण आहे ते त्याला माहीत होतं. इल्फा चिठ्ठी बदलून घेऊ शकते, हेही माहीत होतं. दिवसभर त्याने फोन खिशातून काढला नाही.

बेल वाजली. या गावात बेल कुणी वाजवत नाही, लोक दार ढकलून हाक मारतात. त्याला क्षणभर आवाज ओळखूच आला नाही. दारात चार पोरं आणि मागे इल्फा, पाहुण्यासारखी, हात कोटाच्या खिशात.

तिने बूट काढून ओळीत लावले.

"बाथरूम कुठेय?" तिने विचारलं.

पोरं हसावं की नाही या विचारात पडली.

"आत," थोरगेर म्हणाला. "उजवीकडे."

जेवणात मासे, बटाटे. पोरं त्याला वजनकाट्यावरचे किस्से विचारत होती आणि तो सांगत होता, एरवीपेक्षा मोठ्याने. नंतर पत्ते निघाले. इल्फाला डाव लागत होता, पण दोन डावांतच तिने पत्ते पालथे टाकले आणि कपाळ टेबलाला टेकवलं.

"काय होतंय?" त्याने विचारलं. सगळ्यांदेखत विचारलं.

"डोकं फुटतंय." तिने मान वर केली नाही. "सोडल्यापासून असंच होतंय. मंगळवारी नर्सबाई म्हणाल्या, होतं. पाणी, आणि चालायचं."

"पाणी देऊ?"

"मला माहितीये कुठे असतं ते."

ती उठली, नळाखाली ग्लास धरला, पाठमोरी उभी राहून सगळा प्यायली, पुन्हा भरला. तेवढा वेळ कुणी पत्ता टाकला नाही.

मग तिने कोट घेतला. गुड्नी न्यायला येणार होती, पण चालतच जाते म्हणाली, चढ आहे, बरं वाटेल. मी येऊ का सोबत, हे थोरगेरच्या तोंडापर्यंत आलं. या वेळी तो ते बोलला.

"नको," इल्फा म्हणाली. बूट घातले, नाडी बांधायला वाकली, आणि वाकलेलीच म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी बघू."

पाहुणे कधी आपटत नाहीत, असं तिने दार आपटलं, भिंतीवरच्या तसबिरी हलल्या. उरलेली चार पोरं दचकली. थोरगेरने पत्ते गोळा केले आणि चौघांत वाटायला घेतले.